मॅचपुरती जपमाळ कोणाच्या खिशात?

सलाम ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. अहिल्यानगरला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक, साल्व्हेशन आर्मी (मुक्तिफौज) आणि पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या दोन स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्या अशा पाच चर्चमधल्या, चौदा ते सतरा वयाच्या मुलांचा एक फुटबॉल संघ तुम्हाला काढायचाय. मुलं तयार आहेत, मोठी माणसं अडखळताहेत. एका पाळकसाहेबांनी विचारलं, सुरुवातीची प्रार्थना कोण करणार? एका आईने विचारलं, 'आमचा पोरगा उद्या त्यांच्याच सभेला जायला लागला तर?' आणि तुमचा स्वतःचा प्रश्न असा, की आधी मंडळ्यांच्या संघांची स्पर्धा भरवावी की थेट एकच मिश्र संघ करावा.

मी पुण्यात शाळेत पी. टी. शिकवायचो आणि १९९९ पासून असाच एक संघ सांभाळतोय. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण चूक तिथेच होते. माझी झाली होती.

संघ काढण्याआधी दोन वर्षं मी आंतरमंडळी स्पर्धा घेतली. प्रत्येक मंडळीचा आपापला संघ, आपापला बॅनर, आपापल्या कमिटीने शिवून घेतलेल्या जर्सी. उद्घाटनाला सगळे पाळक आणि फादर एका रांगेत बसले, फोटो झाला, ऐक्यावर भाषणं झाली. दुसऱ्या वर्षी उपांत्य सामन्यात पेनल्टीवरून भांडण लागलं आणि मैदानाबाहेरून मोठ्या माणसांनी एकमेकांच्या चर्चवरून जे शब्द काढले ते मला इथे लिहवत नाहीत. मुलांच्या मनात जे आधी नव्हतं ते त्या दिवशी शिरलं. चार रविवार खेळूनही त्यांना एकमेकांची नावं ठाऊक झाली नव्हती. 'तो अमक्या चर्चचा दहा नंबर' एवढीच ओळख. म्हणून सांगतो, स्पर्धा घेऊ नका. स्पर्धेत चर्चची भिंत जर्सीवर छापून येते. एकच संघ करा.

आणि संघ केल्यावर जागा वाटताना डोकं लावा. संघात काही जोड्या अशा असतात की त्यांना सामनाभर बोलावंच लागतं. गोलकीपर आणि त्याच्या पुढचा मधला बचावपटू, दोन मधले बचावपटू, डावा बॅक आणि डावा विंगर. या जोड्या एका मंडळीच्या ठेवू नका. गोलकीपरने 'माझा!' म्हणून ओरडलं आणि बॅकने विश्वास ठेवून पाय मागे घेतला, हे रोज पन्नास वेळा झालं की त्याचा परिणाम होतो. मी कधी 'एकमेकांशी प्रेमाने वागा' असं व्याख्यान दिलं नाही, कॉर्नरचा सराव तेवढा दुप्पट घेतला. निवड मात्र खेळावरच करा. 'प्रत्येक मंडळीचे किमान दोन' असा कोटा ठेवलात की बाहेर बसलेला प्रत्येक मुलगा आपल्या चर्चचा अपमान घेऊन घरी जाईल.

आता थोडं मागे जातो, कारण पालकांशी बोलताना हे तुमच्या हाताशी हवं. आपल्याकडे बहुतेक घरांचा पंथ कोणी ग्रंथ वाचून निवडलेला नाही. पणजोबांच्या गावाबाहेर कोणत्या मिशनचा तंबू पडला, त्यावर तो ठरला. नगरला १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन आलं, पुढे अँग्लिकन मिशनरी आले, जेझुइट फादर आले. साल्व्हेशन आर्मी १८८२ मध्ये मुंबईत उतरली आणि तीही तुमच्या जिल्ह्यात पोचली. मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, नागपूरला स्कॉटिश. म्हणजे ओढ्याच्या अलीकडचं गाव एका पंथाचं आणि पलीकडचं दुसऱ्या पंथाचं, सोयरीक मात्र दोन्हीकडे! ही गोष्ट मी पालकसभेत सांगतो तेव्हा खोलीतला ताण कमी होतो. कोणीतरी हमखास म्हणतं, 'आमच्या आत्याकडचे सगळे तिकडचेच आहेत.' पुण्यामुंबईत पंथाच्या भिंतीच्या आत भाषेची भिंतही असते. मराठी, तमिळ, मल्याळी, कोकणी असे गट पडलेले असतात. काही ठिकाणी अजून जातीचीही भिंत आहे. ती पंथाचं नाव घेऊन उभी असते, म्हणून लवकर ओळखू येत नाही. 'त्यांची उपासना आम्हाला पटत नाही' असं कोणी म्हणालं तर आधी हे तपासा, की खरंच उपासनेचीच अडचण आहे का.

पेंटेकॉस्टल मंडळ्यांना तुमच्याकडचे जुने लोक 'हे कालचे' म्हणत असतील, आमच्याकडेही म्हणतात. त्यांना केडगावची आठवण द्या. दौंडजवळच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, १९०५ साली जी आत्मिक जागृती झाली तिचं नाव जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात घेतलं जातं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये झाला होता आणि पुढे त्या कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत मावल्या नाहीत. मोठ्याने, एका आवाजात, रडत प्रार्थना करणं आपल्याच मातीत शंभराहून अधिक वर्षं आहे.

आणि मोठ्यांचं ऐक्य किती कष्टाचं असतं, याचंही भान ठेवा, म्हणजे तुमच्या पाळकसाहेबांवर तुम्ही चिडणार नाही. तुमची सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात जन्मली. सहा चर्च एकत्र आली: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स. बोलणी १९२९ पासून, म्हणजे एक्केचाळीस वर्षं चालली. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन शेवटी बाजूला झाले. घोडं सर्वात जास्त अडलं ते बाप्तिस्म्यावर. तान्ह्या मुलाचा द्यायचा की समजून-उमजून विश्वास धरल्यावर? तोडगा असा निघाला की दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये मान्य. मला हा तोडगा फार मोलाचा वाटतो. कोणाची पद्धत खोडली नाही, दोघांना एका छपराखाली जागा केली. संघातही मी तेच करायला शिकलो, पण उशिरा शिकलो.

सुरुवातीला मी उलट वागलो. सगळ्यांना चालेल अशी एक प्रार्थना लिहून आणली. त्यात मरिया नव्हती, पवित्र आत्म्याचा उल्लेख जपून होता, 'वधस्तंभ' म्हणावं की 'क्रूस' म्हणावं हा पेच नको म्हणून तो शब्दच गाळला होता. मुलं ती शाळेतल्या प्रतिज्ञेसारखी म्हणायची. एका पोराने विचारलं, 'सर, ही कोणाची प्रार्थना आहे?' कोणाचीच नव्हती.

बाप्तिस्मा आपला समान धागा, असं काही जण सुचवतील. मीही तसंच मानत होतो. मग संघात साल्व्हेशन आर्मीचा एक मुलगा आला. १८८३ पासून त्यांच्याकडे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेणं) हे विधी पाळत नाहीत. ख्रिस्ताला वाहिलेलं आयुष्य हाच संस्कार, असं ते मानतात. आणि पेंटेकॉस्टल मुलाला तान्हेपणीचा बाप्तिस्मा मान्य नाही. म्हणजे 'एक बाप्तिस्मा' म्हणून वर्तुळ केलं तर त्याच क्षणी तीन-चार मुलं बाहेर उभी राहतात. हा मुद्दा पाळकांच्या बैठकीत काढू नका, तिथे तो सुटायचा नाही. मैदानावर प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', पुरते.

तीही सरळ म्हटली जाते असं समजू नका. पहिल्या दिवशी आम्ही गोल करून उभे राहिलो. 'वाइटापासून सोडव' इथे कॅथलिक मुलं थांबली आणि बाकीची पुढे 'कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव' म्हणत निघाली. काही जण हसले. एका कॅथलिक मुलाला वाटलं आपणच विसरलो, त्याचे कान लाल झाले. मी त्या संध्याकाळी त्यांच्या फादरकडे गेलो. फादरनी शांतपणे समजावलं की हेच शब्द मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, आहेत, फक्त मध्ये धर्मगुरूची छोटी प्रार्थना येते आणि मग लोक ते म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी मुलांना हेच सांगितलं. तेव्हापासून आमची रीत अशी आहे: आधी एक मिनिट शांत. त्या मिनिटात ज्याने त्याने आपल्या घरच्यासारखी प्रार्थना करायची. एक जण क्रुसाची खूण करतो, एक ओठातल्या ओठात पेंटेकॉस्टल रीतीने 'अन्य भाषा' (आत्म्याने सुचलेले शब्द) बोलतो, एक नुसता बुटांकडे बघत असतो. मग सगळे मिळून प्रभूची प्रार्थना. कॅथलिक मुलं थांबतात तिथे सगळेच एक श्वासभर थांबतात, आणि शेवटचे शब्द एकत्र म्हणतात. कोण प्रार्थना करणार, हा तुमच्या पाळकसाहेबांचा प्रश्न यात उरतच नाही. कोणीही एकटा पुढे उभा राहत नाही.

त्या श्वासभर थांबण्याला माझ्या लेखी फार किंमत आहे. मुलांना रोज कळतं की आपल्यात फरक आहे, तो कुठे आहे ते नेमकं ठाऊक आहे, आणि आपण त्या जागी एकमेकांसाठी थांबतो.

आता जपमाळेची गोष्ट. फुटबॉलच्या चौथ्या नियमानुसार अंगावर कसलाही दागिना चालत नाही, टेप लावूनही नाही. गळ्यातली माळ, क्रूस, हातातलं कडं, सगळं सामन्याआधी काढावं लागतं. आमचा एक कॅथलिक स्ट्रायकर गळ्यात आजीची जपमाळ घालायचा. पहिल्याच अधिकृत सामन्यात रेफ्रीने त्याला ती काढायला लावली. बॅगेत टाकायला तो तयार होईना, कारण बॅगा उघड्यावर पडलेल्या असायच्या. शेजारी बदली खेळाडू बसला होता, एका स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळीतला. त्याच्या घरी जपमाळ म्हणजे मूर्तिपूजेतला प्रकार, हे मला पक्कं माहीत होतं. त्याने हात पुढे केला. पहिला हाफ, मध्यंतर, दुसरा हाफ, सगळा वेळ ती त्याच्या ट्रॅकसूटच्या खिशात होती आणि तो खिशावर हात ठेवून बसला होता. शेवटची दहा मिनिटं त्याला आत पाठवायची वेळ आली तेव्हा त्याने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, 'सर, नीट ठेवा, त्याच्या आजीची आहे.'

जपमाळेबद्दलचं त्याचं मत बदललं नव्हतं. पुढेही बदललं नाही, तो आज स्वतः एका मंडळीचा पाळक आहे. पण दुसऱ्याला जे पवित्र आहे ते सांभाळायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं आणि त्याने ते केलं. मला ऐक्याबद्दल कोणी विचारलं की मी हा मुलगा सांगतो. तेव्हापासून हा नियमच झाला: सामन्याआधी गळ्यातलं, हातातलं जे काही असेल ते बदली खेळाडूकडे द्यायचं, आणि आपल्या मंडळीच्या नसलेल्याकडे.

रविवारचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पहिल्या महिन्यातच तो उभा राहील. स्थानिक सामने बहुधा रविवारी सकाळीच लागतात आणि ती वेळ सगळ्यांच्या उपासनेची. कॅथलिक मुलांना शनिवारी संध्याकाळची मिस्सा चालते, ती रविवारचीच धरतात. सीएनआयच्या आणि पेंटेकॉस्टल मुलांना तशी सोय नाही. आमच्याकडे एक सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट गोलकीपर होता. त्याचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, तेव्हा शनिवार दुपारचा सामना म्हणजे तो नाही. आम्ही दुसरा गोलकीपर तयार केला आणि आयोजकांना हंगामाच्या सुरुवातीलाच लेखी कळवत गेलो: रविवारी दुपारी तीननंतरच. काही सामने सोडावे लागले. एक आयोजक तर ऐकायलाच तयार नव्हते, त्या वर्षी आम्ही त्या स्पर्धेत उतरलो नाही. मुलं नाराज झाली, तेव्हा त्यांना स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलबद्दल सांगितलं.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून लिडेल त्यात धावला नाही. चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. इथपर्यंत पुष्कळांना ठाऊक असतं. मी मुलांना पुढचं सांगतो. तो मिशनरी होऊन चीनला गेला आणि युद्धात जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत डांबलं. तिथे सुरुवातीला कॅथलिक फादर, नन्स आणि नाना पंथांचे प्रॉटेस्टंट एकाच कुंपणात होते. लिडेल छावणीतल्या मुलांचे खेळ घ्यायचा. रविवारी तो खेळ घेत नसे. मग मुलं आपली आपण हॉकी खेळायला लागली आणि खेळता खेळता मारामारीवर आली. लिडेलने विचार केला आणि पुढच्या रविवारी स्वतः रेफ्री म्हणून उभा राहिला. स्वतःच्या पदकासाठी जो नियम त्याने मोडला नाही, तो दुसऱ्यांच्या लेकरांसाठी वाकवला. फेब्रुवारी १९४५ मध्ये, सुटकेच्या काही महिने आधी, त्याच छावणीत मेंदूतल्या गाठीने तो वारला. त्रेचाळीस वर्षांचा होता.

म्हणून माझ्या संघात रविवारबद्दल एकच नियम नाही. प्रत्येक मुलगा आपल्या घरी विचारून आपली मर्यादा सांगतो, आणि ती पाळल्याबद्दल कोणाची जागा जात नाही.

आता त्या आईचा प्रश्न. तिला 'असं काही होणार नाही' असं सांगू नका, कारण होऊ शकतं. इतक्या वर्षांत माझ्याकडच्या दोन मुलांनी मंडळी बदलली. एकदा तर मुलाच्या वडिलांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं, आणि त्यांचं दुःख खरं होतं. म्हणून तिला तुम्ही काय पाळणार ते सांगा. मैदानावर किंवा संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणाच्याही सभेचं, कन्व्हेन्शनचं, नोव्हेनाचं (कॅथलिकांच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचं) आमंत्रण टाकायचं नाही. कोणत्याही पाळकाने सरावाला येऊन संदेश द्यायचा नाही, बघायला खुशाल यावं. मुलगा वाटेल ते विचारू लागला तर त्याला त्याच्याच पाळकांकडे किंवा फादरकडे पाठवायचं. दुसऱ्याच्या कळपातली मेंढरं आपण ओढणार नाही, हे सगळ्या मंडळ्यांकडून लिहून घ्या. मी तोंडी घेतलं होतं, ते पुरलं नाही.

पैशाचंही तसंच. एका मंडळीने आम्हाला सगळी किट दिली आणि वर्षभराने पाठीवर आपलं नाव छापा म्हणाली. नाही म्हणणं फार जड गेलं. कोणा एकाकडून निम्म्याहून जास्त खर्च घेऊ नका. हिशेब दोघांकडे ठेवा, दोघं दोन मंडळ्यांचे.

गल्लीतली हिंदू, मुसलमान, बौद्ध मुलंही खेळायला येतील. त्यांना घ्या. पालकांची लेखी संमती घ्या, आणि प्रार्थनेचं मिनिट हजेरीच्या वेळेआधी ठेवा, म्हणजे नको असेल त्याला उशीर झाला असं वाटणार नाही. मुंबईच्या नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात नेबरहूड हाऊस उभं केलं, आणि पुढे त्या वस्तीतून देशाला नावाजलेले बास्केटबॉलपटू मिळाले. त्यांत मुसलमान मुलं कितीतरी होती. ज्या मिशनने ते उभं केलं, तेच तुमच्या नगरचं जुनं मिशन.

एक गोष्ट मला अजून दुखते, ती तुमच्यापासून लपवत नाही. एका वर्षी आमच्या कॅप्टनचे वडील वारले. तो कॅथलिक. अख्खा संघ जर्सी घालून दफनविधीच्या मिस्साला गेला. कम्युनियनची, म्हणजे प्रभुभोजनाची, रांग लागली तेव्हा आमचा लेफ्ट बॅक, सीएनआयचा, दृढीकरण झालेला (म्हणजे आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजन घेणारा), सगळ्यांबरोबर उठून पुढे गेला. फादरनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, भाकर दिली नाही. फादर चुकले नाहीत, त्यांच्या चर्चची शिस्त तशी आहे, आणि त्यांनी ते फार मायेने केलं. पण परत येताना त्या मुलाने मला विचारलं, 'सर, आम्ही एका बाटलीतून पाणी पितो. मग हे का नाही?'

मी त्याला सांगितलं की हे असंच असावं असं कोणालाच वाटत नाही, फादरनाही नाही. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात, मरणाच्या आदल्या रात्री, येशू 'त्या सर्वांनी एक व्हावे' म्हणून प्रार्थना करतो, आणि ती प्रार्थना अजून पुरी व्हायची आहे. तुला जे टोचलं ते खरं आहे, ते विसरू नकोस. आपल्या मनाने संघाचं वेगळं प्रभुभोजन घ्यायचा मोह मला त्या आठवड्यात झाला होता. नाही घेतलं ते बरं केलं. घेतलं असतं तर आम्ही आणखी एक वेगळं चर्च झालो असतो, आणि त्या मुलाला जे टोचलं ते सगळ्या मंडळ्यांना टोचायला हवं, ते आम्ही आपल्यापुरतं बुजवून टाकलं असतं. तुमच्याकडेही हा दिवस येईल. आधीच फादरशी आणि पाळकांशी बोलून ठेवा, मुलांनाही आधी सांगा, म्हणजे रांगेत उभं राहिल्यावर कळायची वेळ येणार नाही.

सुरुवात कधी करावी? जानेवारीत, १८ ते २५ तारखेच्या ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना-सप्ताहात करू नका, असं मी म्हणेन. तेव्हा व्यासपीठ, हार आणि फोटो येतात आणि फेब्रुवारीत मैदान रिकामं होतं. जूनमध्ये शाळा उघडल्या की करा. चिखलात खेळताना जर्सीचा रंग कोणाला दिसत नाही. पहिले चार आठवडे सामना नाही, फक्त सराव. लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी सराव असेल तर नंतर खिमापाव ठेवू नका, मिसळ ठेवा, सगळे खातात.

आणि नावनोंदणीची वही आखताना मंडळीचा रकाना ठेवू नका. नाव, जन्मतारीख, रक्तगट, पालकांचा फोन, आणि एक रकाना: 'रविवारी किती वाजता मोकळा?'